लाकडी चॉपिंग बोर्ड आणि लाकडी ओट्याला कोणतं तेल पाजावं?

झुळूक
मंडळी, नमस्कार. स्वयंपाकघरात लाकडाच्या दोन नव्या गोष्टी आल्या आहेत. एक जाडजूड चॉपिंग बोर्ड. लहान ठोकळे उभे ठेवून चिकटवलेले, त्यामुळे वरून बघितलं की ठोकळ्यांची कापलेली टोकं आणि त्यांतल्या वर्तुळांचे तुकडे दिसतात. दुसरा म्हणजे ओट्याचा सिंकलगतचा भाग, लांब पट्ट्या जोडून केलेला. दोन्ही अगदी कोरे आहेत. करून देणाऱ्या सुतारांनी जाताना "तेल पाजत राहा" एवढंच सांगितलं. कोणतं, ते सांगितलं नाही.

विचारावं तितकी उत्तरं मिळतायत. कोणी खोबरेल म्हणतं, कोणी जवस, कोणी अक्रोड, कोणी मिनरल ऑइल. एकाने सांगितलं की घरात जे खायचं तेल असेल ते पुसा आणि विसरून जा. मला हे नीट समजून घ्यायचंय. या लाकडावर सुरी चालणार, त्यावरचं अन्न पोटात जाणार, रोज पाणी लागणार. अशा वेळी काय लावावं आणि का? "आम्ही हे लावतो" एवढ्यावर थांबू नका, कारणही लिहा. आणि बोर्डला व ओट्याला एकच तेल चालेल का?

रानवारा
खोबरेल. स्वच्छ, खाण्याचं, हातालाही चांगलं. आमच्याकडे कायम तेच लावतो, कधी वास आला नाही. फार विचार करू नका.

चांदणचुरा
माझ्याकडच्या बोर्डला सूर्यफुलाचं तेल लावलं जायचं. काही दिवसांनी त्यावर हात फिरवला की बोटं चिकटायला लागली आणि नाक जवळ नेलं की जुन्या डब्यासारखा खवट वास. घासून धुतलं तरी गेला नाही. खोबरेलाचं असं का होत नाही, हे मलाही जाणून घ्यायचंय.

सुतारपक्षी
झुळूकताई, प्रश्न चांगला विचारलात. लाकूडकाम हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी लाकूड काय करतं ते बघा. झाड उभं असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढत होतं, त्या नळ्या लाकूड कापल्यावरही तशाच राहतात. तुमच्या बोर्डमध्ये त्या नळ्यांची तोंडं थेट वर उघडतात. अशा बोर्डवर पहिल्यांदा तेल ओता आणि बघत उभे राहा: ओतलं तिथे आधी गडद डाग पडतो, मग डागाची चमक जाते, आणि मिनिटाभरात तिथे काही ओतलं होतं असं वाटत नाही. पुन्हा ओता, पुन्हा तेच. पातळ तेल असेल तर काही वेळाने बोर्ड उचलून खालची बाजू बघा, तिथे तेलाचे बारीक थेंब फुटलेले दिसतात. तेल आरपार गेलेलं असतं. पाणीही याच वाटेने आत जातं.

ओट्याच्या पट्ट्यांचं तसं नाही. त्यांच्या नळ्या आडव्या झोपलेल्या आहेत, वरून फार पाणी शिरत नाही. तिथला धोका पट्ट्यांच्या टोकांना आणि सिंकसाठी कापलेल्या भोकाच्या कडेला. ओटा सडतो तो बहुतेक वेळा तिथूनच. म्हणून "ओट्याला तेल लावलं" म्हणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, सिंकच्या कापलेल्या कडेला आतून लावलंत का?

दुसरी गोष्ट. लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. लांबीत जवळजवळ हलत नाही. रुंदीत हलतं, आणि त्यातही वर्तुळांच्या कडेकडेने जेवढं हलतं ते गाभ्याकडून सालीकडे हलतं त्याच्या साधारण दुप्पट असतं. फळीची एकच बाजू भिजली की ती बाजू फुगते आणि फळी बाक धरते. म्हणून तेल दोन्ही बाजूंना आणि चारी कडांना, सारखंच पाजायचं. फक्त वरच्या अंगाला लावून खालचं अंग कोरं ठेवणं मला मान्य नाही, मग तेल कितीही भारी असो.

आता तेल. बोर्डला मिनरल ऑइल आणि वर मेण, ओट्याला सुकणारं तेल (जवस किंवा टंग, म्हणजे टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल). कारणांची रसायनं इथे कोणी जाणकार सांगतील.

मुक्तछंद
वाचनखूण साठवली.

परीक्षानळी
रसायनांची हाक आली म्हणून लिहिते. :)

तेल "सुकतं" म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते कुठेही जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना बांधले जातात आणि लाकडातच एक घट्ट जाळं तयार होतं. जवसाच्या तेलाचा पातळ थर सुकत असताना त्याचं वजन सुरुवातीला वाढतं, कारण त्यात ऑक्सिजनची भर पडत असते. हे जमायला तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध हवेत, म्हणजे कार्बनच्या अणूंमधले दुहेरी जोड, जिथे ऑक्सिजनला शिरकाव मिळतो. किती आहेत ते आयोडीन मूल्यावरून कळतं: 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन घेतं हा तो आकडा. जवसाचा 170 ते 200. टंगचा साधारण 160 ते 175. अक्रोडाचा 150च्या आसपास. सूर्यफुलाचा 120 ते 140. शेंगदाण्याचा 90च्या जवळपास, ऑलिव्हचा 80 ते 90. आणि खोबरेलाचा फक्त 6 ते 11.

साधारण 130च्या वरची तेलं सुकणारी धरतात. फार खालची सुकत नाहीत. मधल्यांची पंचाईत होते. ती ऑक्सिजन तर घेतात, पण जाळं पुरतं विणलं जात नाही. त्याऐवजी रेणू तुटून लहान लहान वासाचे पदार्थ बनतात, आणि उरलेलं तेल अर्धवट घट्ट होऊन चिकटतं. चांदणचुरा, तुम्हाला आलेला खवट वास आणि बोटांना लागलेला चिकटपणा ही एकाच क्रियेची दोन अंगं आहेत.

खोबरेलात दुहेरी बंध जवळजवळ नाहीतच, म्हणून ते लवकर खवट होत नाही. रानवारा यांचा अनुभव बरोबर आहे. मिनरल ऑइलमध्ये ते मुळीच नसतात, म्हणून ते कधीच खवट होत नाही. पण कधी सुकतही नाही.

रानवारा
म्हणजे खोबरेल पास!

सुतारपक्षी
अर्धं पास म्हणू. खोबरेल 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं. हवा थंड झाली की बोर्डवर पांढुरका थर दिसतो, आणि गोठलेलं तेल नळ्यांत खोल उतरत नाही. गरम हवेत ठीक आहे. न गोठणारं, वेगळं काढलेलं खोबरेलही मिळतं, एमसीटी ऑइल म्हणून. त्याला हा त्रास नाही आणि ते टिकतंही उत्तम. ज्यांना मिनरल ऑइल नको असेल त्यांना मी तेच सुचवतो.

निवडुंग
मी त्याच "नको" वाल्यांतला. माफ करा, पण मिनरल ऑइल म्हणजे पेट्रोलियम. ज्या फळीवर मुलांसाठी फळं कापायची तिला खनिज तेल चोळायचं? माणसं इतकी वर्षं काय करत होती?

परीक्षानळी
@निवडुंग, शंका रास्त आहे, टाळून देण्यासारखी नाही. खनिज तेलात दोन प्रकारचे हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं) असू शकतात, संपृक्त (दुहेरी बंध नसलेले) आणि अ‍ॅरोमॅटिक (कड्यासारख्या रचनेचे). काळजी करायची ती मुख्यतः दुसऱ्यांची. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे एफ्साने, 2012 मध्ये या विषयावर मत दिलं होतं आणि 2023 मध्ये ते पुन्हा तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा की अन्नातून सध्या जेवढे संपृक्त हायड्रोकार्बन पोटात जातात त्यापासून आरोग्याला धोका दिसत नाही, अ‍ॅरोमॅटिकबद्दल मात्र चिंता असू शकते. औषधी दर्जाचं पांढरं मिनरल ऑइल शुद्ध करताना हे अ‍ॅरोमॅटिक काढून टाकलेले असतात. हेच तेल लिक्विड पॅराफिन या नावाने औषधांच्या दुकानात असतं आणि बद्धकोष्ठतेवर पोटातही घेतलं जातं.

म्हणून बाटलीवर "फूड ग्रेड" किंवा औषधी दर्जाची खूण बघून घ्या. यंत्रांना घालायचं तेल नको, दिव्यात जाळायचं पॅराफिन नको, बेबी ऑइलही नको, कारण त्यात सुगंध मिसळलेला असतो. एवढं बघूनही मनाला पटत नसेल तर नका वापरू. इतर चांगले पर्याय आहेत.

निवडुंग
धन्यवाद, एवढं नेमकं उत्तर मिळालं नव्हतं. तरी मी अक्रोडाच्या तेलाकडे वळतो. ते सुकतं, खाण्याचं आहे, रंगही फार पिवळा करत नाही असं ऐकलंय.

पानगळ
अक्रोड घ्याल तर घरी येणाऱ्या कोणाला सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी नाही ना, ते आधी विचारा. मोठ्या स्वयंपाकघरात काम करते, तिथे या एका कारणासाठी आम्ही अक्रोडाचं तेल लाकडाजवळ येऊ देत नाही.

आणि थोडं वेगळं मत मांडते. तेलाचं महत्त्व इथे जास्त वाढवलं जातंय. आमचे बोर्ड दिवसभर राबतात. ते टिकतात कारण काम झालं की लगेच धुतले जातात, लगेच पुसले जातात आणि कडेवर उभे ठेवले जातात, दोन्ही अंगांना वारा लागेल असे. सिंकमध्ये भिजत पडलेला बोर्ड कोणतंही तेल वाचवू शकत नाही. डिशवॉशरमध्ये घातलेला तर नाहीच.

सुतारपक्षी
पानगळताईंशी ऐंशी टक्के सहमत. उरलेलं वीस टक्के असं, की तुमचे बोर्ड रोज वापरात असतात. घरात एखादा बोर्ड आठवडाभर तसाच पडून राहतो, कोरड्या हवेत त्याची टोकं आधी वाळतात, पोट ओलं राहतं, आणि चिरा पडतात त्या टोकांना. तिथे तेल आणि मेण उपयोगी पडतं.

नागमोडी
या चर्चेत एक गोष्ट यायला हवी. अमेरिकेत मॅडिसनला फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, लाकडावर शंभरहून अधिक वर्षं काम करणारी सरकारी प्रयोगशाळा. त्यांनी लाकडावर निरनिराळे लेप देऊन दमट हवेत ठेवले आणि किती बाष्प आत शिरतं ते मोजलं. जवस आणि टंग या दोन्ही तेलांनी बाष्प फारसं अडवलंच नाही, तीन हात देऊनसुद्धा. सगळ्यात वर आलं ते वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवलेलं लाकूड.

म्हणजे "तेल लावलं, आता लाकूड ओलावा घेणार नाही" हा समज चुकीचा आहे. तेलामुळे सांडलेलं पाणी लगेच आत ओढलं जात नाही. तुम्हाला फडकं आणायला वेळ मिळतो. बस्स, तेवढंच, आणि स्वयंपाकघरात तेवढं पुष्कळ आहे. फक्त ते फडकं आणायचं कामही करायला हवं.

पानगळ
+१००. शेवटचं वाक्य तर आमच्या स्वयंपाकघरात लिहून लावण्यासारखं.

झुळूक
किती छान माहिती येतेय! वितळलेल्या मेणाचं वाचून विचारते, मग तेल कशाला? सरळ मेणच का नाही?

सुतारपक्षी
बोर्ड मेणात बुडवणं घरी सोपं नाही आणि गरम मेण पेटू शकतं. शिवाय सुरीखाली नुसत्या मेणाचे पापुद्रे निघतात. म्हणून दोन्हींचं मलम करतात. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. वजनाने एक भाग मेण आणि चार भाग मिनरल ऑइल एका भांड्यात घ्या, ते भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. थेट आचेवर कधीच नाही. मेण विरघळलं की ढवळून डबीत ओता. गार झाल्यावर बोटाने उचलता येईल इतकं घट्ट होतं. जास्त कडक हवं असेल तर मेण वाढवा.

बोर्डला आधी नुसतं तेल पाजायचं, पिईल तितकं. पिणं थांबलं की उरलेलं पुसून घ्यायचं आणि रात्रभर उभा ठेवायचा. मग मलम चोळायचं, जरा थांबून कोरड्या फडक्याने घासून काढायचं. तेल आतल्या नळ्या भरतं, मेण तोंडं बंद करतं.

मुक्तछंद
एक विचारू का? घरात करडईचं तेल आहे. परीक्षानळी यांच्या यादीत ते नव्हतं. सुकणारं की न सुकणारं?

परीक्षानळी
वा, छान आठवण केलीत. करडईचं पारंपरिक तेल सुकणारं आहे. आयोडीन मूल्य 140च्या आसपास. रंगांच्या कारखान्यांत त्याला मागणी असायची, कारण पांढऱ्या रंगात घातलं तरी ते जवसासारखं पिवळं पडत नाही. पण सावध राहा. आता करडईचे ओलेइक आम्ल (एकच दुहेरी बंध असलेलं मेदाम्ल) जास्त असलेले वाणही निघाले आहेत, तळणाला चांगले म्हणून. त्यांचं तेल सुकत नाही. सूर्यफुलाचंही असंच. बाटलीवरच्या नावावरून कळेलच असं नाही.

यावर सोपा उपाय आहे आणि तो कोणत्याही तेलाला चालतो. एक काचेची पट्टी स्वच्छ धुऊन पुसा. बोटावर थेंबभर तेल घेऊन काचेवर पसरवा, एका टोकाला अगदी पातळ, दुसऱ्या टोकाला जरा जाड. उजेड आणि हवा येईल, धूळ बसणार नाही अशा जागी ठेवा. रोज कडेला बोट लावून बघा. सुकणारं तेल असेल तर पातळ टोक आधी ओढ धरतं, बोट उचलताना किंचित चिकटतं, मग एके दिवशी बोट सहज घसरतं आणि नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघतो. जाड टोकाला वरून कातडी धरलेली असते, तिला सुरकुत्या पडतात, आणि टोचली तर आतून ओलं तेल येतं. लाकडावर तेल जाड का ठेवायचं नाही, ते त्या सुरकुत्या बघितल्या की वेगळं सांगावं लागत नाही. न सुकणारं तेल कितीही थांबलात तरी ओलंच राहतं. आणि चिकटावरच अडकून राहिलं, तर ते तेल लाकडापासून लांबच ठेवा.

मुक्तछंद
काच आजच ठेवतो. मुलीच्या शाळेच्या प्रयोगाचीही सोय झाली.

चाफेकळी
अवांतर: तेलाची कातडी म्हटल्यावर आठवलं. रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली कातडी बघूनच फ्रेडरिक वॉल्टनला लिनोलियमची कल्पना सुचली. 1863 मध्ये त्याने पेटंट घेतलं. जवसाचं तेल घट्ट करून त्यात बुचाचा भुगा मिसळायचा आणि कापडावर थापायचं. जमिनीवर घातलेलं ते लिनोलियम पायांखाली वर्षानुवर्षं टिकायचं, म्हणजे सुकलेलं जवसाचं तेल किती चिवट असतं ते बघा.

निवडुंग
मस्त अवांतर. चित्रकारांचंही हेच. युरोपात तैलचित्रांसाठी जवस, अक्रोड आणि खसखशीचं तेल वापरायचे, कारण तिन्ही सुकतात. खोबरेलात रंग कालवला असता तर चित्र अजून ओलं असतं.

रानवारा
हाहाहा! मानलं. आता खोबरेलाची बाजू मी सोडतो. फक्त डोक्याला लावेन.

आडवाट
जवसाबद्दल चाललंय तर मी हार्डवेअरच्या दुकानातून "बॉइल्ड लिन्सीड ऑइल" आणलंय, ओट्यासाठी. चालेल ना? लवकर सुकतं म्हणाले.

परीक्षानळी
थांबा, ओट्याला ते नको. "बॉइल्ड" नाव असलं तरी ते बहुधा नुसतं उकळलेलं नसतं. लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगेनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. पूर्वी शिसंही असायचं. दाराला, खुर्चीला ठीक. जिथे अन्न टेकतं तिथे खाण्याचं, घाण्याचं जवसाचं तेल वापरा किंवा शुद्ध टंग. हळू सुकतं, पण त्यात काय आहे ते माहीत असतं.

सुतारपक्षी
टंगबद्दल थोडं सांगतो. "टंग ऑइल फिनिश" लिहिलेल्या बऱ्याच डब्यांत टंग थोडं किंवा अजिबात नसतं, वार्निश आणि पातळ करायचं द्रावण असतं. "शंभर टक्के शुद्ध टंग" असं स्पष्ट लिहिलेलं बघा. ओट्याला मी तेच देतो. पाण्याला जवसापेक्षा चांगलं तोंड देतं आणि पिवळंही कमी पडतं. पहिला हात सढळ, पिऊ द्यायचं, अर्ध्या तासाने उरलेला थेंब न् थेंब पुसायचा. पुसणं लावण्याइतकंच महत्त्वाचं. पुढचे हात पातळ, प्रत्येक हातामध्ये तेल बोटाला लागेनासं होईपर्यंत थांबायचं. शेवटच्या हातानंतर पुरतं पिकायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर ओट्यावर ओलं भांडं ठेवू नका.

आणखी एक. आधी मिनरल ऑइल पाजलेल्या लाकडावर नंतर सुकणारं तेल नीट बसत नाही. नळ्यांत न सुकणारं तेल भरलेलं असतं, ते नव्या तेलात मिसळतं आणि थर मऊ राहतो. म्हणून आधी ठरवा, मग बाटली उघडा.

नागमोडी
सुकणाऱ्या तेलांबद्दल इतकं बोललो आणि चिंध्यांचं कोणीच लिहिलं नाही. हे वाचल्याशिवाय कोणी जवस किंवा टंग हातात घेऊ नका.

ज्या फडक्याने तेल पुसता ते फडकं चुरगळून टोपलीत टाकलं तर आपोआप पेटू शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. तेल सुकताना ऑक्सिजन घेतं आणि उष्णता बाहेर टाकतं. ओट्यावर ती उष्णता हवेत निघून जाते. चुरगळलेल्या कापडात हवा आत येते पण उष्णता बाहेर पडत नाही, तापमान वाढलं की क्रिया आणखी जोरात होते, आणि काही तासांत कापड धुमसायला लागतं. घरात सगळे झोपलेले असताना.

फिलाडेल्फियात 23 फेब्रुवारी 1991 रोजी वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीत 22व्या मजल्यावर आग लागली. भिंतींवरच्या लाकडी फळ्यांचं काम करणाऱ्यांनी मागे ठेवलेल्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या हे तिचं कारण. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. आग मजल्यामागून मजला वर चढत गेली, आणि 30व्या मजल्यावर स्प्रिंकलर होते तिथे थांबली.

म्हणून काम झालं की फडकी उलगडून, एकेरी, बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा. दुमडू नका, एकावर एक टाकू नका. कडक झाली की कचऱ्यात. किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. मिनरल ऑइलच्या फडक्यांना हा धोका नाही.

झुळूक
नागमोडी, मनापासून आभार. मला हे माहीतच नव्हतं, आणि इतक्या जणांनी जवस सुचवताना एकानेही सांगितलं नव्हतं.

सुतारपक्षी
नागमोडींचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा. आमच्या कामावर नवीन मुलगा आला की रंधा धरायला शिकवायच्या आधी हे सांगतो.

शब्दवेल्हाळ
आरोग्याचा मुद्दा राहिला. लाकडात जंतू शिरतात, म्हणून प्लास्टिकच बरं असं सगळीकडे ऐकतो. तेल लावल्याने जंतू मरतात का?

पानगळ
तेलाने जंतू मरत नाहीत. पण लाकडाची बदनामी झालीय तेवढं लाकूड वाईट नाही. डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले, 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. लाकडावर टाकलेले जंतू आत शोषले जातात आणि पुन्हा पृष्ठभागावर सहज येत नाहीत, आत वाढत नाहीत, हळूहळू मरतात. नवं प्लास्टिक चांगलं धुतलं जातं, पण सुरीच्या ओरखड्यांनी भरलेल्या प्लास्टिकमध्ये जंतू खाचांत तग धरतात. लाकडाला मिनरल ऑइल लावलं होतं तेव्हाही निष्कर्षांत फारसा फरक पडला नाही.

याचा अर्थ धुवायचं नाही असा नाही. कच्च्या मांसाला वेगळा बोर्ड, गरम पाणी, साबण, आणि पूर्ण वाळवणं. कांद्या-लसणाचा वास राहिला तर जाड मीठ आणि अर्धं लिंबू घेऊन चोळा, धुऊन लगेच पुसा.

आडवाट
आमच्या लाकडी ओट्यावर लोखंडी भांड्याखाली काळं वर्तुळ उमटलंय. घासून जात नाही. तेलानं जाईल?

सुतारपक्षी
तेलाने ते आणखी गडद दिसेल. लाकडातलं टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आलं की असा काळा डाग पडतो. ओकसारख्या लाकडांत टॅनिन जास्त, तिथे लवकर पडतो. लिंबाने थोडा फिका होतो. पुरता काढायचा तर ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण लावतात, पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा, वाळू द्या, हलका पॉलिशपेपर मारा आणि मगच तेल. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

झुळूक
आता माझं काय ठरलं ते सांगते. बोर्डला मिनरल ऑइल आणि वर मेणाचं मलम, कारण त्यावर सुरी चालणार, कितीही चांगला थर दिला तरी कापला जाणार, आणि न सुकणारं तेल कधीही पुन्हा लावता येतं. ओट्याला शुद्ध टंग, सिंकच्या कापलेल्या कडांपासून सुरुवात. दोन्हींना एक तेल नाही. एक शेवटची शंका, पुन्हा कधी लावायचं?

सुतारपक्षी
निवड उत्तम. लावण्याआधी एकदा दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. लाकडाचे बारीक केस उभे राहतील. ते 220 नंबरच्या पॉलिशपेपरने काढा, म्हणजे पहिल्या धुण्यानंतर पृष्ठभाग खरखरीत होणार नाही.

पुन्हा कधी, हे कॅलेंडरला विचारू नका. पाण्याचे चार थेंब टाका. थेंब गोल उभे राहिले तर काही करायची गरज नाही. पसरून लाकूड गडद व्हायला लागलं तर त्या दिवशी तेल. सुरुवातीला हे लवकर लवकर लागेल, पुढे अंतर वाढत जाईल. थेंब मधोमध आणि कडेला, दोन्हीकडे टाकून बघा, कडा आधी कोरड्या पडतात.

चांदणचुरा
माझ्या त्या खवट बोर्डचं काही करता येईल का?

परीक्षानळी
बहुधा येईल. धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी घेऊन घासा, त्याने अर्धवट घट्ट झालेलं तेल सुटतं. लाकूड जरा गडद होईल. नीट धुऊन अनेक दिवस वाळू द्या, मग वरचा थर पॉलिशपेपरने काढा. नंतरही वास आला तर तेल खोल गेलंय, तो बोर्ड अन्नासाठी नको.

शब्दवेल्हाळ
जाता जाता: लाकडी डाव आणि सुरीची लाकडी मूठ यांनाही मिनरल ऑइल आणि मेणच का?

सुतारपक्षी
डावाला नको. तो उकळत्या भांड्यात जातो, मेण 64 अंशांच्या आतच वितळून अन्नात उतरेल आणि मिनरल ऑइलही निघून जाईल. डावाला खाण्याचं जवसाचं तेल, दोन-तीन पातळ हात, आणि पुरतं पिकेपर्यंत वापर बंद. नाहीतर कोराच ठेवा, तेही चालतं. सुरीच्या मुठीला मात्र मलम चांगलं. पातं मुठीत शिरतं त्या फटीत आधी काडीच्या टोकाने मिनरल ऑइलचे एक-दोन थेंब सोडा, रात्रभर मूठ खाली करून ठेवा आणि सकाळी पुसून मग मलम चोळा. खिळ्यांच्या भोवतीही तसंच करा, पाणी शिरतं ते तिथूनच.